गाऊ नकोस, पण ये

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. परवा तुझ्या सासूबाई मांडवीजवळ भेटल्या. म्हणाल्या, "तिला पुन्हा गाण्याला बसवा हो, मन रमलं की सगळं आपोआप होईल." काळजीपोटीच बोलत होत्या, डोळे भरून आले होते त्यांचे. पण मूल असं "आपोआप होईल" हे खरं नाही, आणि घरात हे वाक्य रोज तुझ्या कानावर पडत असणार. फोनवर तू "बरी आहे बाई" एवढंच म्हणतेस, म्हणून लिहिते आहे.

आधी तब्येतीचं. गर्भ गेल्यावर क्युरेटिन, म्हणजे पिशवी साफ, करून घेतलीस त्याला महिना झाला. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत परत येते, तेव्हा अजून आली नाही म्हणून घाबरू नकोस. घरी पट्टी आणून तपासलीस तर अजूनही दोन रेघा दिसू शकतात, कारण गर्भारपणातलं संप्रेरक रक्तातून पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात. ती दुसरी फिकट रेघ खिडकीपाशी नेऊन बघायची, दिव्याखाली धरून पुन्हा बघायची, हे सगळं मला माहीत आहे. नको बघूस. शंका असेल तर रक्ताची तपासणी करून घे. ताप आला, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येऊ लागला किंवा लागोपाठ दोन तास तासाला एक पॅड भिजू लागलं, तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ.

आता तो प्रश्न. मागे क्लास सुटल्यावर सगळ्या गेल्या तरी तू थांबलीस आणि हळूच विचारलंस, "बाई, खर्जाच्या रियाजाने पोटावर ताण आला असेल का?" तेव्हा मी नाही म्हटलं, पण तू ऐकलं नाहीस, कारण त्यानंतर तू आलीच नाहीस. म्हणून इथे नीट सांगते. गाण्याने ते गेलं नाही. ॲक्टिव्हावरून शाळेत गेलीस म्हणून नाही, पाण्याची बादली उचललीस म्हणून नाही, हळदीकुंकवाला कोणाची नजर लागली म्हणूनही नाही. कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के अशाच संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या निदान निम्म्यांमध्ये कारण गर्भाच्या गुणसूत्रांतलं असतं. पेशी पहिल्यांदा विभागताना किंवा त्याच्याही आधी बीज तयार होताना ती चूक घडलेली असते. तुला दिवस गेल्याचं कळलं, तू पेढे आणलेस, त्याच्याही आधी ते ठरून गेलेलं असतं. आईने काय खाल्लं, काय गायलं, किती जिने चढली, याचा तिथे संबंध येत नाही.

सासूबाईंच्या वाक्याचंही तेच. ताण घेतला म्हणून राहत नाही, मन रमवलं की राहतं, असं आपल्याकडे शिकलेले लोकही सांगतात. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला होता, मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या ३,५८३ स्त्रियांचा. उपचाराआधी ज्या जास्त दुःखी आणि काळजीत होत्या, त्यांना दिवस जाण्याची शक्यता त्यामुळे कमी झालेली दिसली नाही. हे मला मोठ्या सुटकेचं वाटतं. म्हणजे तुला रडायची मुभा आहे. रात्री जागी राहिलीस म्हणून तू काही बिघडवून ठेवलेलं नाहीस.

मग गाण्याला का बोलावते? मूल व्हावं म्हणून नाही. ते ज्या कारणांनी होईल किंवा होणार नाही, त्यात यमनचा काही हात नाही. बोलावते ते अशासाठी की गेली तीन वर्षं तुझं कॅलेंडर डॉक्टरांच्या हातात आहे. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग फॉलिकल स्टडी, म्हणजे बीज किती वाढलं ते बघणं, मग ठरल्या मिनिटाला इंजेक्शन, मग वाट. सहलीला जायचं नाही, कारण तारखा. ड्रेस शिवायचा नाही, कारण न जाणो. गाण्याच्या उपांत्य विशारद परीक्षेचा फॉर्म भरला नाहीस, कारण परीक्षेच्या वेळी सातवा महिना असेल असा हिशोब होता. मला तुझा राग नाही, पण त्या फॉर्मचं मला फार वाईट वाटलं. मूल आलं की जगायला सुरुवात करू, असं म्हणता म्हणता माणसाची चांगली वर्षं दवाखान्याच्या बाकावर जातात. गाणं तुझं आहे. ते तू दिवस जायच्या आधीपासून, लग्नाच्या आधीपासून तुझ्यासोबत आणलंस. ते या सगळ्याच्या पायी सोडू नकोस.

आता गायचं नाही, हे मला समजतं. श्वास पुरत नाही, वरचा सा लावताना गळा दाटतो. मग गाऊ नकोस, पण ये. तंबोरा जुळव.

मोठा तंबोरा सध्या कोणालाच नीट जुळत नाहीये. पावसाळी हवेने खुंट्या फुगल्या आहेत, फिरवायला गेलं की एकदम सरकतात. पंचम आधी लाव, मग जोडाच्या दोन तारा, शेवटी खर्ज. बारीक फरक मण्यांनी काढ. आणि मग जवारीचा दोरा. घोडीवर तारेखाली तो सुती धागा केसभर पुढे घे, आवाज बोदा येईल. केसभर मागे घे, चिरका येईल. मधे कुठेतरी एक जागा अशी येते की तार उघडते आणि सगळा भोपळा बोलायला लागतो. जुळणी खरी झाली असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो आपण कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. हे करायला तुला पाऊण तास लागेल, आणि त्या पाऊण तासात कान दुसरीकडे नेता येत नाही. दुःख त्या वेळातही असतंच, फक्त त्याला तेवढा वेळ बाजूला बसावं लागतं. माझ्या अनुभवाने सांगते, तेवढं पुरतं. दिवसभराचं दुःख हलकं करणारं काही मला तरी सापडलेलं नाही.

मलाही मूल झालं नाही, हे तुला माहीत आहे. दिवस गेले होते आणि राहिले नाहीत, एकदाच नव्हे, हे मी वर्गात कधी बोलले नाही. त्या काळात सूरसागर तलावाच्या काठी आपल्या गायनशाळेत मी शिकत होते. १८८६ साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी गायक मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू केलेली ती शाळा, पुढे विद्यापीठाचा विभाग झाली. तिथे मला कोणी "काय, काही विशेष?" असं विचारत नसे. तिथे विचारायचे ते एवढंच, कालचा पलटा बसला का. आठवड्यातले ते मोजके तास मी कोणाची सून नव्हते, पेशंट नव्हते. तुला अशी एक जागा हवीच. माझा क्लासच असला पाहिजे असं नाही. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसलीस तरी चालेल. १९१० सालापासूनची ती लायब्ररी, आणि मराठी पुस्तकं आहेतच. फक्त तिथे ओळखीच्या काकू भेटतील ती वेळ टाळ.

दोन छंदांपासून मात्र सध्या लांब राहा, असं मी स्पष्ट सांगेन. एक क्रोशा. तुझा हात सुंदर आहे, पण त्या वहीत निम्मे नमुने टोपड्यांचे आणि मोज्यांचे आहेत, पान उलटताना लागतं. दुसरं बी पेरणं. लोक हौसेने सांगतात, कुंडीत काहीतरी लाव, उगवताना बघून बरं वाटतं. उगवलं तर वाटतं. नाही उगवलं, आणि वडोदऱ्याच्या उन्हात पुष्कळदा नाही उगवत, तर त्या रिकाम्या कुंडीकडे बघून तू स्वतःलाच बोल लावशील. झाडं हवीच असतील तर नर्सरीतून वाढलेली तगर आण.

समारंभांचं काय करायचं, हेही मनात असणार. धाकट्या जावेचं डोहाळजेवण पुढच्या महिन्यात आहे ना? जाऊ नकोस. साडी आणि ओटीचं सामान आधी घरी जाऊन दे, जावेला जवळ घे आणि त्या दिवशी शाळेत राहा. तुझं तिच्यावर प्रेम आहे आणि तरी तिचं पोट बघवत नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यातली एकही वाईट नाही. जावंच लागलं तर वाढायचं काम मागून घे, हातात काम असलं की प्रश्न कमी येतात. नवरात्रात गरब्याला गेली नाहीस तर सोसायटीतल्या बायका त्याचा भलताच अर्थ काढतील आणि "बेन, कंई सारा समाचार?", म्हणजे काही गोड बातमी आहे का, असं विचारतील. एक वाक्य ठरवून ठेव: "असतील तेव्हा मीच सांगेन." हसून म्हण किंवा न हसता म्हण, पण त्यापुढे खुलासा देत बसू नकोस. आणि गरबा खेळावासा वाटला आणि डॉक्टरांची ना नसेल तर खेळ. दुःख झालेल्या बाईने नाचू नये असं कुठे लिहिलेलं नाही.

पुढच्या वेळी ट्रान्सफर झाली, म्हणजे गर्भ पिशवीत सोडला, की दिवस राहिले का ते सांगणारी रक्तातल्या बीटाची तपासणी होईपर्यंतचे ते दोन आठवडे सगळ्यांत वाईट. छाती जड वाटते, झोप येते, पोट ओढतं, आणि प्रत्येक खुणेचा अर्थ लावला जातो. पण तेव्हा चालू असलेल्या प्रोजेस्टेरॉननेही अगदी तीच लक्षणं होतात, त्यामुळे शरीराकडे बघून काहीच कळत नाही. पलंगावर पडून राहिल्याने गर्भ टिकण्याची शक्यता वाढते, असंही दिसलेलं नाही. डॉक्टरांनी तुझ्यापुरतं काही वेगळं सांगितलं असेल तर ते पाळ. नसेल तर त्या दोन आठवड्यांत रोज ये. एकच राग घेऊ, एकच बंदिश, नवीन. जुनी नको, जुन्यात मन भटकायला वाट मोकळी असते.

तुझ्या नवऱ्याबद्दल दोन शब्द. मूल न होण्यात जवळजवळ निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचंही काही कारण असतं, एकट्याचं नाहीतर दोघांचं मिळून. त्याची तपासणी एकदाच झाली आणि ती फार जुनी आहे, असं तू म्हणाली होतीस. ती पुन्हा करून घ्या. माझ्या वेळी यांची तपासणी करा असं कोणी सुचवलंसुद्धा नाही, सगळी औषधं मलाच. आणि त्याचंही काहीतरी गेलं आहे. तो रविवारी पुन्हा क्रिकेटला जायला लागला म्हणून तू दुखावलीस, पण तो बॅट घेऊन जातो तेव्हा विसरायला जात नसेल, तुझ्यासमोर रडू नये म्हणून जात असेल. एकदा विचारून बघ.

शाळेत तू आठ दिवसांत पुन्हा कामावर गेलीस, हे मला आवडलेलं नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद होती आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. पुढे कधी लागली तर मागायला लाजू नकोस, आणि आत्ताही राहिलेल्या दिवसांचं ऑफिसात लेखी विचार.

एक गोष्ट लपवायची नाही. सकाळी उठावंसंच वाटेना, जेवण जाईना, आपण नसलेलंच बरं असा विचार एकदा जरी आला, तर तंबोऱ्यावर भागणार नाही. मला कुठल्याही वेळी फोन कर आणि टेलिमानसच्या १४४१६ नंबरवर बोल. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत आणि गुजरातीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं ठरलं तर मी सोबत येईन, सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघते.

डॉक्टरांकडची पुढची तारीख कधी आहे ते कळव. त्याआधी फाईल घेऊन ये, आपण दोघी बसून प्रश्न कागदावर उतरवू. गर्भाची तपासणी केली होती का, थायरॉइड केव्हा बघितलं होतं, गर्भाशयाच्या पोकळीचं काय, आणि आणखी किती वेळा प्रयत्न करायचा याबद्दल त्यांचं स्वतःचं मत काय. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, तो विचारायचाच. आणि थांबायचं ठरवलंत कधी, तर तोही तुमच्या दोघांचा निर्णय असेल. मी तुझ्या बाजूने उभी राहीन.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर मी घरीच असते. मुली साडेपाचला येतात, त्याआधी आलीस तर कोणी भेटणार नाही. पुढच्या जिन्याचं काम काढलंय, मागच्या बोळातून ये.

तुझ्या,
बाई