केडीई गेलं, अक्षरं राहिली

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, सिनॅमन डेस्कटॉपवालं. भाच्यानं हौसेनं केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप घालून दिलं. मला काही ते जमेना, म्हणून काढून टाकलं. आता सिनॅमनमध्ये मेनूची अक्षरं बारीक नि खरखरीत दिसतात, मराठीचं वळणही बदललंय. तालमीचा वार्षिक अहवाल टाइप करायचाय. मिंट पुन्हा इन्स्टॉल करू का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : काका, पेन ड्राइव्ह आधी खाली ठेवा. जुनं होम फोल्डर (तुमच्या फाइली नि सेटिंग्ज असतात ते) तसंच ठेवून मिंट घातलंत तर घोळ जिथल्या तिथं. राजारामपुरीतल्या खोलीत अख्खा रविवार घालवून मी हे शिकलोय.

केडीईसारखा प्रोग्राम काढताना होम फोल्डरला कुणी हात लावत नाही, आणि फॉन्टच्या आवडीनिवडी तिथंच लिहिलेल्या असतात. खात्रीसाठी एक नवा युजर तयार करून लॉगिन करा. तिथं अक्षरं नीट दिसली, तर दोष तुमच्या होममध्येच.

मग आपल्या खात्यात या. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. ‘डॉट कॉन्फिग’ (.config) मध्ये ‘फॉन्टकॉन्फिग’ (fontconfig), आणि त्यात ‘फॉन्ट्स डॉट कॉन्फ’ (fonts.conf) ही फाइल असेल. केडीईत अँटीएलियासिंग, हिंटिंग असलं अक्षरांच्या कडा गुळगुळीत, रेखीव करणारं काही छेडलं की ते इथं उमटतं, आणि ही फाइल सिनॅमनही वाचतं. खरखर बहुधा हिचीच. उडवू नका, नाव बदला. (भाच्याला सांगू नका, तो आणखी काहीतरी घालेल.) लॉगआउट करून परत या.

आकाराचं दुकान वेगळं. सिस्टम सेटिंग्जमध्ये ‘फॉन्ट सिलेक्शन’ उघडा. डिफॉल्ट फॉन्ट उबुंटू रेग्युलर, आकार १०. टेक्स्ट स्केलिंग १.०. खिडकीच्या शीर्षकाचा फॉन्ट स्वतंत्र असतो, तो हमखास विसरतो. बाकीचं आठवत नसेल तर डीकॉन्फ एडिटर या सेटिंग्ज बदलायच्या प्रोग्राममध्ये ऑर्ग, सिनॅमन, डेस्कटॉप, इंटरफेस असं आत जा. प्रत्येक सेटिंगला मूळ किंमतीवर परत न्यायची सोय आहे.

राहिलं मराठी. उबुंटू फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, सिस्टम ती दुसऱ्या फॉन्टकडून उसनी घेते. आधी लोहित असेल, केडीईबरोबर नोटो आला असेल. मला विचाराल तर नोटोच राहू द्या, डोळ्यांना बरा. अहवालापुरतं मात्र लिबरऑफिस रायटरच्या पर्यायांत देवनागरीसाठीचा सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे जोडाक्षरी लिप्यांचा) फॉन्ट वेगळा निवडून ठेवा, आणि छापखान्यात पीडीएफच द्या.