मायएसक्यूएलमधले जुने ट्रिगर सुधारावेत की काढून टाकावेत? आणि ते टेस्ट कसे करायचे?

काढू नका. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये बरेच जुने ट्रिगर आहेत (टेबलात नोंद टाकली, बदलली किंवा काढली की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड), खात्याची शिल्लक मधूनच चुकते, टीमचा लीड म्हणतोय सगळं उचलून अ‍ॅप्लिकेशन कोडमध्ये टाकू, आणि टेस्टिंगला फ्रेमवर्क कुठलं घ्यावं. लीडचं हे वाक्य मी एका दूध संघाच्या कामात जसंच्या तसं ऐकलंय, त्यापुढे काय झालं तेही बघितलंय, म्हणून लिहायला बसलो.

तिथं गावोगावच्या संकलन केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळच्या नोंदी यायच्या, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम, आणि दर दहा दिवसांनी बिल. नोंदींच्या टेबलवर एक ट्रिगर होता, नोंद आली की उत्पादकाच्या खात्यावर रक्कम वाढवायचा. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. मग केंद्रावरच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं, मध्येच नेट गेलं तर अख्खी बॅच परत पाठवणारं, आणि तीच नोंद पुन्हा आली तर एरर नको म्हणून त्यात ऑन डुप्लिकेट की अपडेट लावलेलं, म्हणजे नोंदीची ओळख (की) आधीच टेबलात असेल तर नवीन न टाकता जुनीच बदलायची. त्यानंतर एका संस्थेच्या सचिवांचा फोन. एका मावशींचं सकाळचं ८ लिटर म्हशीचं दूध, दर ४८, म्हणजे ३८४ रुपये व्हायला पाहिजेत, नोंदही एकच दिसतेय, पण खात्यावर ७६८ चढलेत. सचिव चिडलेले, आणि बरोबरच होतं त्यांचं, कारण जास्तीचे पैसे एकदा वाटले गेले की परत मागायला दारोदार त्यांनाच जावं लागणार.

आमच्या लीडनी तासाभरात निकाल दिला, ट्रिगर दोनदा फायर होतो, मायएसक्यूएलचा बग आहे, ट्रिगर भरवशाचे नसतातच. मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो की यात बग कसलाही नाही, मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय. तो ट्रिगर बिफोर इन्सर्ट होता, म्हणजे नोंद टेबलात जायच्या आधी चालणारा; आफ्टर इन्सर्ट गेल्यावर चालतो. ऑन डुप्लिकेट की अपडेट असेल तर बिफोर इन्सर्ट प्रत्येक रोसाठी (टेबलातल्या ओळीसाठी) चालतोच, कारण रो आधीपासून आहे की नाही हे सर्व्हरला त्यानंतर कळतं. नसेल तर पुढे आफ्टर इन्सर्ट चालतो, असेल तर बिफोर अपडेट आणि आफ्टर अपडेट. म्हणजे नोंद एकच राहिली, पण बिफोर इन्सर्टमधली खातं वाढवणारी ओळ दोनदा चालली. अपडेटचा ट्रिगर फक्त फरक टाकायचा, फरक शून्य, त्यामुळे दुरुस्तही काही झालं नाही. इन्सर्ट इग्नोरलाही (डुप्लिकेट आली तर एरर न देता सोडून देणारं) हाच धोका आहे, रो गाळली जाते पण बिफोर इन्सर्टनं दुसऱ्या टेबलात केलेलं काम तसंच राहतं.

मी एक रिकामं टेबल केलं, त्यावर सहाही ट्रिगर लावले, प्रत्येकानं फक्त आपलं नाव एका लॉग टेबलात लिहायचं. एक रो टाकली, लॉगमध्ये बिफोर इन्सर्ट, आफ्टर इन्सर्ट. तीच की घेऊन रक्कम बदलून ऑन डुप्लिकेट की अपडेटनं परत टाकली, लॉगमध्ये बिफोर इन्सर्ट, बिफोर अपडेट, आफ्टर अपडेट. पाच ओळींत सगळं समोर. तुम्ही आजच हे करून बघा, तुमच्या व्हर्जनवर, तुमच्या अ‍ॅपमधून जशा क्वेरी जातात तशाच वापरून. लीडनी ते स्क्रीनवर बघितलं आणि तरीही म्हणाले, "हे लक्षात कोण ठेवणार?", आणि ट्रिगर काढायचं ठरलं.

खरं तर दुरुस्ती साधी होती. बिफोर ट्रिगरमध्ये फक्त त्याच रोच्या किमती नीट करायच्या, रक्कम काढायची, नको ती नोंद सिग्नलनं (मुद्दाम एरर देणाऱ्या आज्ञेनं) नाकारायची. दुसऱ्या टेबलात काहीही लिहायचं असेल तर ते आफ्टरमध्येच. ती एक ओळ इन्सर्टच्या बिफोरमधून आफ्टरमध्ये हलवली असती की प्रश्न मिटला होता.

त्याऐवजी शिल्लक अ‍ॅपच्या कोडमध्ये गेली. पुढे दर फरक (आधी दिलेल्या दरावरची वाढ) द्यायची वेळ आली, हिशोब विभागातल्या माणसानं नेहमीसारखी थेट डेटाबेसवर अपडेट क्वेरी चालवली, नोंदी बदलल्या, खाती जागच्या जागी. ट्रिगर असता तर फरक आपोआप चढला असता. त्यावर उत्तर मिळालं की थेट क्वेरी चालवायचीच नाही असा नियम करू. अहो, नियम कितीही करा, कधी कोणी इम्पोर्ट चालवणार, कधी रात्री अकराला कोणीतरी एक रो हातानं दुरुस्त करणार, कधी दुसऱ्याच व्हेंडरचा प्रोग्राम त्याच टेबलात लिहिणार. पैशाचा मेळ बसलाच पाहिजे ही अट डेटाच्या शेजारी असावी, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि जे लोक ट्रिगरला नावं ठेवतात त्यातल्या बहुतेकांनी ट्रिगरला कधी एक टेस्टसुद्धा लिहिलेली नसते.

आता टेस्टचं. आधी एक मेळाची क्वेरी लिहा, नोंदींची बेरीज आणि खात्यावरची शिल्लक जिथं जुळत नाही असे उत्पादक दाखवणारी. ती कायम रिकामी आली पाहिजे. मग टेबलात डेटा ज्या ज्या वाटेनं शिरतो ती प्रत्येक वाट चालवा आणि दर वेळी मेळ बघा. एक रो, एका स्टेटमेंटमध्ये अनेक रो, काहीच न बदलणारं अपडेट, रिप्लेस (जुनी रो काढून नवीन टाकणं), लोड डेटा (फाइलमधून एकदम भरणं), डिलीट. नोंद चुकून दुसऱ्याच्या नावावर पडली म्हणून उत्पादक क्रमांक बदलणारं अपडेट तर आवर्जून, कारण तिथं जुन्या खात्यातून वजा आणि नव्यात जमा असं दोन्ही लागतं आणि लिहिणारा हमखास फरकाचीच ओळ लिहून मोकळा झालेला असतो. नल (किंमतच भरलेली नाही अशी जागा) विसरू नका, फॅट आधी नल होतं आणि नंतर ६.५ आलं तर साधी बरोबर-नाहीची तुलना नलच देते, इफ खोटा ठरतो, ट्रिगर चालतो पण आतलं काम गुपचूप गळतं. मायएसक्यूएलमध्ये यासाठी नल-सेफ तुलना आहे, ती वापरा.

मग दोन सेशन उघडा, दोन्हीत ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे बदल) सुरू करून खाती बदला. एकात आधी अ चं मग ब चं खातं, दुसऱ्यात उलट. डेडलॉक मिळणार, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत अडकणार, एरर १२१३, इनोडीबी (मायएसक्यूएलचं टेबल साठवणारं इंजिन) एका ट्रान्झॅक्शनला मागे घेणार. बॅच उत्पादक क्रमांकानं सॉर्ट करून पाठवली की हे बरंच कमी होतं, आणि अ‍ॅपमध्ये रीट्राय हवाच.

मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर जिथं चालतच नाही अशा जागाही टेस्टमध्ये लिहून ठेवा. ट्रंकेटला (टेबल एकदम रिकामं करणारी आज्ञा) डिलीट ट्रिगर चालत नाही. इनोडीबीचं फॉरेन की कॅस्केड, म्हणजे मूळ रो काढली की तिला जोडलेल्या दुसऱ्या टेबलातल्या रो आपोआप काढणं, चाइल्ड रो उडवतं तेव्हाही चाइल्डचा ट्रिगर चालत नाही, हे वर्षानुवर्षांचं दुखणं आहे, नवीन व्हर्जनवर जाताना परत तपासा. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये कॅस्केडला ट्रिगर चालतात, म्हणून तिकडून आलेली माणसं इथं फसतात. रो-बेस्ड रेप्लिकेशन असेल (बदललेल्या रो दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीला पाठवणं) तर त्या प्रतीवर, रेप्लिकावर, ट्रिगर पुन्हा चालत नाही, झालेले बदलच तिथं पोचतात, त्यामुळे तिथं शोधत बसू नका.

ट्रिगरचा कोड गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) पाहिजे, सर्व्हरवर जाऊन एडिट करणं बंद. मायएसक्यूएलमध्ये क्रिएट ऑर रिप्लेस ट्रिगर नाही (मारियाडीबीत आहे), ड्रॉप करून परत क्रिएट करावा लागतो, आणि त्या मधल्या फटीत आलेली नोंद ट्रिगरशिवाय जाते. आमच्याकडे सकाळच्या संकलनाच्या वेळेला कोणी असं केलं असतं तर वाटच लागली असती. टेबलला राइट लॉक लावून बदला किंवा आवक थांबवून. ५.७ पासून एकाच इव्हेंटवर अनेक ट्रिगर लावता येतात, क्रम फॉलोज आणि प्रिसीड्सनं ठरवता येतो, त्यामुळे तुमचे तीनशे ओळींचे अजस्र ट्रिगर असतील तर कामानुसार तोडा.

फ्रेमवर्कचं विचारलंत, तर पोस्टग्रेसला पीजीटॅप आहे, एसक्यूएल सर्व्हरला टीएसक्यूएलटी. मायएसक्यूएलला मी साध्या एसक्यूएल फायली आणि मेळाची क्वेरी एवढ्यावरच भागवतो. पुढेमागे पोस्टग्रेसवर गेलात तर एक ध्यानात असू द्या, टेस्टच्या शेवटी रोलबॅक (सगळे बदल मागे घेणं) करायची सवय असेल तर डिफर्ड कन्स्ट्रेंट ट्रिगर, म्हणजे तपासणी शेवटावर ढकलणारे, कधीच चालत नाहीत, ते कमिटला (बदल पक्के करताना) चालतात, त्यामुळे टेस्ट खोटीच पास होते. रोलबॅकच्या आधी सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट द्या.

हां, सगळंच ट्रिगरमध्ये कोंबा असं मी म्हणत नाहीये. एसएमएस, ईमेल, बाहेरच्या सर्व्हरला कॉल, हे ट्रिगरमधून कधीच नाही, ट्रान्झॅक्शन मागे घेतलं तरी गेलेला एसएमएस परत येत नाही. मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर प्रत्येक रोसाठी वेगळा चालतो, त्यामुळे लाखो रोंच्या इम्पोर्टला तो जड जाणार, तिथं वेगळी सोय करावी लागते. आणि ट्रिगरनं दुसरा ट्रिगर, त्यानं तिसरा अशी साखळी असेल तर ती आधी तोडा.

पण लीड ऐकत नसेल तर मीटिंगमध्ये वाद घालत बसू नका. लॉग टेबलची ती टेस्ट त्याच्या मशीनवर, त्याच्या हातानं चालवायला लावा, आणि शिल्लक कोडमध्ये न्यायचीच असेल तर थेट क्वेरीनं झालेला बदल कोण पकडणार याचं उत्तर त्याच्याकडून लेखी घ्या. मी तेव्हा तोंडी घेतलं होतं.