सर्जरीची रेसिडेन्सी चालू असताना बाळाला अंगावरचं दूध चालू ठेवता येतं का?

हो, येतं, पण एकट्या आईच्या जिद्दीवर ते फार दिवस टिकत नाही, युनिटची, म्हणजे वॉर्डातल्या आपल्या डॉक्टरांच्या टीमची, साथ लागते. तू लिहिलंयस की सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, म्हणजे रेसिडेन्सीच्या, सेकंड इयरला आहेस, बाळ साडेपाच महिन्यांचं आहे, पुढच्या आठवड्यात जॉइन व्हायचंय आणि एचओडींशी (विभागप्रमुखांशी) हे बोलायचं कसं याचीच भीती वाटतेय. मी गायनॅकला शिकवते, माझं बाळ झालं तेव्हा मीही रेसिडेंटच होते, म्हणून हक्काने तू म्हणतेय.

जे बोलायचं ते जॉइन व्हायच्या आधी बोल. इमर्जन्सीच्या रात्री छाती दगडासारखी झाल्यावर कुणाकडे काही मागता येत नाही. आधी रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) लावणाऱ्या सीनियर रेसिडेंटला गाठ, मग लेक्चरर, मग एचओडी. आणि "सर थोडं ॲडजस्ट करा" असं मोघम नको, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. नेमकं माग: दर तीन-चार तासांनी वीस-पंचवीस मिनिटं, आतून कडी लागणारी एक खोली (टॉयलेट अजिबात नाही, तिथे आपण जेवतो का?), आणि तेवढ्या वेळात तुझा फोन कोण घेणार त्याचं नाव रोस्टरवर लिहिलेलं. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण नाव लिहिलेलं नसलं की ब्रेक कागदावर राहतो आणि तू कॅज्युअल्टीत.

का, असं विचारलं तर सर्जनना समजावणं खरं तर सोपं आहे. दूध साचून राहिलं की ते बनणं कमी होतं, गाठी होतात, मग मॅस्टायटिस (स्तनाला सूज), आणि पुढे ॲब्सेस झाला, म्हणजे पू साचला, तर ड्रेन करायला पेशंट त्यांच्याच टेबलवर येते. कायद्याचं म्हणशील तर १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज नेहमीच्या विश्रांतीशिवाय दोन नर्सिंग ब्रेक दिले होते, आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सोशल सिक्युरिटी कोडमध्येही ते ठेवलेत, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची तरतूद आहे. कुणीतरी म्हणेलच की रेसिडेंट म्हणजे विद्यार्थी, तुम्हाला हे लागू नाही. त्या वादात पहिल्याच दिवशी शिरू नकोस, एकटी तर नकोच, मार्डच्या (रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या) प्रतिनिधीला सोबत घे. अमेरिकेत रेसिडेन्सी प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या एसीजीएमईने २०१९ पासून दूध काढायला स्वच्छ, खासगी जागा आणि फ्रिजची सोय असलीच पाहिजे असा नियम केलाय, आपल्याकडेही मान्यतेच्या अटींत हे यायला हवं असं माझं ठाम मत आहे.

ओटीच्या (ऑपरेशनच्या) दिवशी वॉश अप व्हायच्या, म्हणजे ऑपरेशनसाठी हात धुवायच्या, आधी दूध काढून घे, दोन केसेसच्या मधे परत. सहा-सात तासांच्या केसला पहिले काही आठवडे तुला मधेच कुणीतरी रिलीव्ह करावं असं आधीच ठरवून ठेव, भूलवाले एकमेकांना रिलीव्ह करतातच की, त्यात कमीपणा काही नाही.

हाताने दूध काढायला एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) सिस्टरकडून शीक, पंप असला तरी शीक, त्यांच्याइतकं चांगलं कुणीच शिकवत नाही. तुमच्याकडे मिल्क बँक (आयांनी दान केलेलं दूध साठवणारी सोय) असेल तर तिथे पंप, फ्रिज, समजावणारं माणूस सगळं मिळू शकतं. आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक १९८९ मध्ये मुंबईत सायन हॉस्पिटलला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, म्हणजे हे ज्ञान आपल्याच सरकारी हॉस्पिटलांत इतकी वर्षं आहे, ते आपल्याच डॉक्टर मुलींपर्यंतही पोचायला नको का?

साठवणीचं सांगते. २५ डिग्रीपर्यंत दूध बाहेर चार तास राहतं, पण आपले वॉर्ड एप्रिल-मेमध्ये कसे तापतात माहितीय, तेव्हा त्यावर विसंबू नकोस. आइसपॅक घातलेल्या इन्सुलेटेड बॅगेत २४ तास, फ्रिजमध्ये चार दिवस. रक्त-लघवीच्या सॅम्पलच्या फ्रिजमध्ये कधीच ठेवू नकोस. डब्यावर मायक्रोपोर (चिकटपट्टी) लावून तारीख-वेळ लिही. घरी आई किंवा सासूबाई जे कुणी सांभाळणार असतील त्यांना वाटी-चमच्याने पाजायची सवय आत्तापासून करू दे, आणि तेव्हा तू खोलीत थांबू नकोस, आईचा वास आला की बाळं वाटी ढकलून देतात. घरी असशील तेव्हा मात्र थेट अंगावरच पाज, रात्री तर नक्कीच, पुरवठा टिकतो तो त्याच्यावर.

आणखी पंधरा दिवसांनी बाळाचं वरचं खाणं सुरू होईल, मग दिवसातला एखादा ब्रेक हळूहळू गळतो. म्हणजे सगळ्यात अवघड तो पहिला महिना-दोन महिने, युनिटला हेही सांग, मुदत कळली की लोक जास्त मनापासून सांभाळून घेतात. फक्त तुझा भार एकाच हाउसमनवर (ज्युनियर रेसिडेंटवर) पडणार नाही एवढं लेक्चररनी बघायला हवं, नाहीतर तो बिचारा वैतागतो आणि ऐकून तुला घ्यावं लागतं.

आणि हे वाचणारे कुणी युनिट चालवत असतील तर तिने विचारायची वाट बघू नका, जॉइन व्हायच्या आधी तुम्हीच फोन करून विचारा की खोली कुठली देऊ.