सायकॉलॉजी घे, पण माणसं 'वाचायला' नको

अगं पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. मेजर सब्जेक्ट ठरवायचाय, तुला सायकॉलॉजी हवंय, आणि मामा म्हणतायत की आर्मीत जायचंय तर डिफेन्स स्टडीज घे नाहीतर पॉलिटिकल सायन्स घे, सायकॉलॉजी घेऊन काय वेड्यांच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होणार का. मामांचं मनावर घेऊ नकोस. सीडीएस म्हणजे अधिकारी भरतीची लेखी परीक्षा, त्यातून ओटीएला, म्हणजे आर्मीच्या ऑफिसर ट्रेनिंग अकॅडमीला, जायला कुठल्याही शाखेची डिग्री चालते, लेखी परीक्षेत इंग्लिश आणि जीके एवढंच, गणितसुद्धा नाही. एनसीसीचं सी सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडने काढलंस तर स्पेशल एंट्रीतून लेखी न देता थेट एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाच्या चाचण्यांचं आणि मुलाखतीचं, बोलावणं येऊ शकतं, तेव्हा परेड बुडवू नकोस. विषय कुठला यावर तिथे काही अडत नाही.

मला खटकलं ते तुझंच एक वाक्य. सायकॉलॉजी केलं की माणसं वाचता येतील आणि एसएसबी सोपी जाईल. दोन्ही नाही होणार.

आधी एसएसबीचं सांगतो. टीएटी म्हणजे चित्र बघून गोष्ट लिहायची टेस्ट, तिच्यात बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं, प्रत्येक चित्र 30 सेकंद बघायचं आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग 60 शब्द, एकेका शब्दावर 15 सेकंदांत वाक्य लिहायचं. मग अर्ध्या तासात 60 प्रसंग, प्रत्येकात तू काय करशील ते लिहायचं. वेळ मुद्दामच इतका कमी ठेवलाय की सजवून लिहायला सवडच मिळू नये. टीएटी ही हेन्री मरे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात हार्वर्डला काढली हे पाठ करून तुला एक मार्क जास्त पडणार नाही, उलट थिअरी डोक्यात घोळवत लिहायला बसलीस तर हात अडखळेल. क्लासवाले पाठ करून घेतात त्या गोष्टी तर विचारूच नकोस, प्रत्येक हिरो सकाळी बुडणारं पोरगं वाचवतो आणि संध्याकाळी रक्तदान शिबिर भरवतो! तपासणाऱ्याने असले हिरो हजारोंनी बघितलेले असतात.

आता माणसं वाचण्याचं. इथे जरा थांबून बोलतो कारण मला सायकॉलॉजी घे म्हणावंसं वाटतं ते नेमकं ह्याच्यासाठी.

डॅनियल कानमन ह्या मानसशास्त्रज्ञाचं नाव तू ऐकलं असशील, 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. हा माणूस 1955 मध्ये इस्रायलच्या सैन्यात लेफ्टनंट होता, वय 21, हातात सायकॉलॉजीची बॅचलर डिग्री, म्हणजे अजून दोन-तीन वर्षांनी तू असशील तेवढाच. काम काय तर ऑफिसर ट्रेनिंगला कोण लायक हे सांगायचं. आठ-आठ पोरांचा ग्रुप, खांद्यावरच्या रँका काढलेल्या, एक लांब ओंडका आणि साधारण सहा फुटी भिंत. सगळ्यांनी पलीकडे जायचं, ओंडका भिंतीला लागता कामा नये, माणूसही लागता कामा नये. कोण पुढे होतो, कोण चिडतो, कोणाचं ऐकलं जातं, हे बघून कानमन आणि त्याच्या सोबत्यांना वाटायचं की आपल्याला आरपार दिसतंय. मग काही महिन्यांनी ट्रेनिंग स्कूलकडून रिपोर्ट यायचा की ह्यांचे अंदाज नुसत्या तुक्क्यापेक्षा जेमतेमच बरे निघाले. आणि गंमत अशी की दुसऱ्या दिवशी नवीन पोरं भिंतीसमोर उभी राहिली की ह्यांना पुन्हा तितकंच आरपार दिसायचं. रिपोर्ट माहीत असूनही खात्री काडीने कमी होत नव्हती, आणि ह्या चुकीला त्याने पुढे 'इल्यूजन ऑफ व्हॅलिडिटी' असं नाव दिलं.

हे तुला का सांगतोय, तर आपल्या एसएसबीत जीटीओ, म्हणजे ग्रुपची परीक्षा घेणारा अधिकारी, ग्राउंडवर फट्टा, बल्ली, रस्सी देऊन जी कामं करून घेतो ती त्याच घराण्यातली आहेत. ही पद्धत जर्मनांकडून ब्रिटिशांनी उचलली, त्यांनी 1942 मध्ये निवड बोर्ड सुरू केले, आणि आपल्याकडे 1943 मध्ये डेहराडूनला पहिला प्रायोगिक बोर्ड आला. म्हणून आपली एसएसबी फालतू असं मी म्हणत नाहीये हं. तिथे सायकॉलॉजिस्ट, जीटीओ आणि इंटरव्ह्यू घेणारा तिघं वेगवेगळे मार्क देतात, एकमेकांशी न बोलता, आणि शेवटी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. एकाच्या आरपार दिसण्यावर निकाल लागू नये म्हणूनच हा खटाटोप.

कानमनलाच नंतर सगळ्या रिक्रूटांच्या इंटरव्ह्यूची पद्धत बदलायला सांगितली. त्याने सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी साधे माहितीचे प्रश्न, की नोकरीत वेळेवर जायचास का, मित्रांना किती वेळा भेटतोस, खेळतोस का, आणि एक गुण संपवून आकडा लिहिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं नाही. इंटरव्ह्यू घेणारे भडकले, आम्हाला रोबो करताय म्हणाले. तेव्हा त्याने त्यांना एक सूट दिली, शेवटी डोळे मिटा, हा पोरगा सैनिक म्हणून कसा दिसतो ते मनात आणा आणि एक ते पाच मार्क द्या. निकाल जुन्या पद्धतीपेक्षा खूपच सुधारला, आणि ते डोळे मिटून दिलेले मार्कसुद्धा सहा आकड्यांच्या बेरजेइतकेच चांगले निघाले. म्हणजे अंदाज बांधायला हरकत नाही, पण आधी एकेक गोष्ट सुटी सुटी बघून लिहून झाल्यावर.

तुला पुढे हाताखालच्या माणसांचे कॉन्फिडेन्शिअल रिपोर्ट लिहायचेत, त्यावर त्यांची बढती ठरते. थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये अमेरिकन लष्करातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले मार्क तपासले तर शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य सगळ्यांचे मार्क एकाच हाताने एकत्र वर-खाली झालेले. उंच, ताठ, बूट चकाचक, म्हणून हुशारही आणि प्रामाणिकही! हेलो (halo) इफेक्ट म्हणून तू परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहिशील ना, तो असा लष्कराच्याच कागदांतून निघालाय.

आता दुसरी बाजू. मी सिग्नल्समध्ये होतो, आणि आमच्या कंपनीच्या सुभेदार साहेबांनी सायकॉलॉजीचं पुस्तक उघडून पाहिलेलं नव्हतं. एकदा संध्याकाळी रोल कॉल आटपला, सगळे लंगरकडे निघाले आणि ते माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, "साब, वो लाइनमैन को देखिए. चुप रहने वाला लड़का नहीं है, अब चुप है." मला तर तो दिसला तो शिस्तीत ताट घेऊन रांगेत उभा राहिलेला चांगला जवान. सुभेदार साहेबांनी तो थाळीत रोट्या किती घेतो ते पाहून ठेवलं होतं, कोणाच्या शेजारी बसायचा आणि आता कुठे बसतो तेही. घरी बांधावरून भाऊबंदकी पेटली होती, बायको एकटी. सीओंच्या, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरच्या, सहीचं डीओ लेटर (अर्धशासकीय पत्र) त्याच्या जिल्ह्याच्या कलेक्टरांना गेलं, सुट्टी मिळाली, परत आला तो बडबड करतच. सुभेदार साहेब त्या पोराची तुलना इतरांशी करत नव्हते, त्याच्याच कालच्या वागण्याशी करत होते. पुस्तकात ह्याला बेसलाइन म्हणतात. तू लेफ्टनंट म्हणून जाशील तेव्हा असा माणूस तुझ्या हाताखाली असेल, वयाने बापाएवढा, सॅल्यूट तुला ठोकणार, आणि तुझी डिग्री त्याच्यासमोर मिरवलीस तर तो "जी साब" म्हणून गप्प बसेल आणि तुझं मोठं नुकसान होईल.

मिलग्रॅमचा प्रयोग सगळ्यांना अर्धाच माहीत असतो. दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्या असं सांगितलं (झटके खोटे होते, पण त्यांना ते माहीत नव्हतं), आणि 40 पैकी 26 जणांनी नुसत्या सांगण्यावरून 450 व्होल्टपर्यंत बटणं दाबली, हा अर्धा भाग. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या प्रकारात शेजारी बसलेल्या दोघांनी 'आम्ही नाही करणार' म्हटल्यावर 40 पैकी चारच शेवटपर्यंत गेले. जिथे ऑर्डर पाळणं हाच धर्म, तिथल्या अधिकाऱ्याने हा दुसरा भाग शंभरदा वाचावा. बेकायदा गोष्ट समोर आली की पहिला नकार तुला द्यावा लागणार, मागच्यांना मग धीर येतो. झिंबार्डोचा 1971 चा तुरुंगाचा प्रयोग, ज्यात विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी केलं होतं, तो मात्र जरा सावधपणे वाच, पहारेकऱ्यांना कडक वागायला आतूनच पढवलं होतं हे नंतर बाहेर आलंय.

थकव्याचंही नीट वाच. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, आणि आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा 0.03 आहे. कॉन्व्हॉय रात्री पुढे रेटायचा की ड्रायव्हरांना चार तास झोपू द्यायचं, हा निर्णय तुझा असेल, आणि 'जवान है, झेल लेगा' म्हणणारे आजूबाजूला भरपूर भेटतील.

स्टॅटिस्टिक्सचा पेपर टाळायला बघतेयस असं मेसेजच्या शेवटी हळूच लिहिलंयस, ते मी वाचलंय. टाळू नकोस. कानमनला आपण चुकतोय हे कळलं ते आकडे मांडले म्हणून, नाहीतर तो जन्मभर भिंतीसमोर उभा राहून मान डोलावत राहिला असता. अॅबनॉर्मल सायकॉलॉजी पोरींना फार आवडतं, वाच खुशाल, पण त्याने तू डॉक्टर होत नाहीस. कोणी झोपत नसेल, जगून काय करू असं काही बोलत असेल तर त्याला एकटं न सोडता मेडिकल ऑफिसरकडे घेऊन जायचं, निदान करत बसायचं नाही. सोशल आणि ऑर्गनायझेशनल हे दोन पेपर जास्त कामाचे.

आणि आत्तापासून एक वही कर. एनसीसी कॅम्पला तुझ्या टेंटमधल्या प्रत्येकीबद्दल पहिल्या दिवशी चार गोष्टी वेगवेगळ्या लिही, वेळ पाळते का, काम वाटून घेते का, चिडल्यावर काय करते, चुकल्यावर काय करते, प्रत्येकीला एक ते पाच. वही मिटून ठेव आणि कॅम्प संपल्यावर उघड. किती चुकले ते मला कळव, खोटं सांगू नकोस, सगळ्यांचेच चुकतात. मामांना मी रविवारी फोन करतो.