डीसीआयएसची (स्तनाच्या दूधनलिकेतच राहिलेल्या कॅन्सरची) गाठ काढली, कडाही मोकळ्या आल्या, म्हणजे कडेला कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. तरी रेडिएशन आणि पाच वर्षं गोळी कशासाठी?

तुम्ही लिहिलंय की “हा बाहेर पसरलेला कॅन्सर नाही” असं डॉक्टर म्हणाले आणि लगेच रेडिएशनची तारीखही देऊ लागले. सहा वर्षांपूर्वी मीही अशीच गोंधळले होते. मी डॉक्टर नाही, पण माझाही डीसीआयएसच होता, म्हणून लिहिते.

डीसीआयएसमध्ये कॅन्सरच्या पेशी दूधनलिकेच्या आतच असतात, तिची भिंत त्यांनी ओलांडलेली नसते. म्हणूनच याला शून्य स्टेज म्हणतात आणि केमो लागत नाही. पण या नलिका झाडाच्या फांद्यांसारख्या स्तनभर गेलेल्या असतात. काढलेल्या भागाची कड २ मिलिमीटर मोकळी असली, तरी पलीकडच्या फांदीत थोड्या पेशी उरलेल्या असू शकतात. त्यातून आजार परत आला, तर साधारण निम्म्या वेळा तो भिंत ओलांडूनच येतो. खरी काळजी या निम्म्याची आहे.

रेडिएशन इथे उपयोगी पडतं. चार जुन्या चाचण्यांची एकत्रित आकडेवारी २०१० मध्ये आली. नुसती गाठ काढलेल्या शंभरांपैकी सुमारे २८ जणींना दहा वर्षांत त्याच स्तनात पुन्हा त्रास झाला, रेडिएशन घेतलेल्यांत सुमारे १३ जणींना. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. रेडिएशन चुकलं तर जीव जाईल, या भीतीने मी कितीतरी रात्री जागून काढल्या. खरं तर निर्णय होता तो स्तनात आजार परत येण्याची शक्यता किती कमी करायची, एवढाच. तो महत्त्वाचा आहेच, कारण परत आला तर अनेकदा पूर्ण स्तन काढावा लागतो.

“धोका निम्मा होतो” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण निम्मा कशाचा ते विचारा. अडीच सेंटिमीटरपर्यंतचा, कमी किंवा मध्यम ग्रेडचा (ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते; तीन सर्वात जास्त) आणि कडा चांगल्या मोकळ्या असलेला डीसीआयएस असणाऱ्या बायकांच्या एका चाचणीत पंधरा वर्षांचा धोका रेडिएशनशिवाय सुमारे १५ टक्के निघाला, रेडिएशन घेऊन ७. अशा बाईने डॉक्टरांशी नीट बोलून रेडिएशन घेतलं नाही, तर मी तिला बेजबाबदार म्हणणार नाही. माझा ग्रेड तीन होता, म्हणून मी घेतलं. तीन आठवडे जावं लागलं. कातडी काळवंडली आणि थकवा पुढे महिनाभर टिकला.

गोळीचा प्रश्न वेगळा. रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह असेल, म्हणजे पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या असतील, तरच तिचा विचार करायचा. टॅमॉक्सिफेन या इस्ट्रोजेन अडवणाऱ्या गोळीचा फायदा दुसऱ्या स्तनालाही होतो, हे मला नंतर कळलं. पाळी गेली असेल तर अ‍ॅनास्ट्रोझोलही देतात, पण त्याने हाडं ठिसूळ होतात आणि सांधे धरतात. टॅमॉक्सिफेनने अंगातून गरम वाफा येतात. क्वचित रक्ताची गुठळी होते, आणि पाळी गेलेल्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. त्यामुळे पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला तर लगेच दाखवा. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा, त्यातल्या काही टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात.

२० मिलिग्रॅमवर मी चार महिने काढले. झोपच उडाली होती, बंद करायच्या बेतात होते. तेव्हा डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅम, तीन वर्षं, असा पर्याय काढला. त्यावरची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आहे आणि त्या डोसनेही आजार परत येण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं होतं. मला तो झेपला. त्रास सोसवेना म्हणून परस्पर गोळी सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसं करू नका, आधी डोसबद्दल विचारा.

जखम भरेपर्यंत विचार करायला तुमच्याकडे वेळ आहे, हवं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घ्या. तुम्ही वय, ग्रेड, गाठीचा आकार आणि ईआर लिहिलेलं नाही. वय पन्नासच्या आत किंवा ग्रेड तीन असेल तर माझं मत स्पष्ट आहे: रेडिएशन टाळू नका. रिपोर्टमधले हे चार आकडे इथे टाकलेत, तर डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मी तुमच्यासोबत बसून लिहून काढेन.