भाच्याच्या स्नोमोबिलमध्ये 16 लाख घालावेत का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा : "मी 60 वर्षांचा आहे. पीथमपूरच्या एका वाहन कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो. इंदूरला सुदामानगरमध्ये स्वतःचं घर आहे, कर्ज नाही, मुलीचं लग्न झालंय. पत्नी 55 वर्षांची. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि जुन्या ठेवी मिळून 74 लाख आहेत. घरखर्च महिना 42,000, पेन्शन 4,800. भाचा चार हिवाळे गुलमर्गला पर्यटकांना स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, फिरवण्याचं काम करतो. तिथल्या एका परवानाधारकाबरोबर स्वतःच्या दोन गाड्या घ्यायचं त्याच्या मनात आहे. दोन्ही वापरलेल्या, मिळून 16 लाख. हंगामाचे 90 दिवस, दर गाडीच्या रोज 8 फेऱ्या, फेरीला 1,000 रुपये. खर्च जाऊन वर्षाला जवळजवळ 7 लाख उरतील, तीन हंगामांत मुद्दल मोकळं, असा त्याचा हिशेब आहे. भागीदारी आम्हा तिघांची. मला यंत्र कळतं, त्याला बर्फ कळतो. पैसे घालू का?"

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाच्याने केलेला हिशेबाचा कागद तुम्ही जोडलात ते फार बरं केलंत. मुलगा मेहनती आहे, हे त्या कागदावरूनच दिसतं. पेट्रोल आणि ऑइल 2 लाख, दोन चालकांचे चार महिन्यांचे पगार 2 लाख, परवानाधारकाचा 20 टक्के वाटा 2 लाख 88 हजार, दुरुस्ती 60 हजार. कमाई 14 लाख 40 हजार. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे. तरीही 16 लाख घालू नका, भागीदार तर मुळीच होऊ नका, असंच मी सांगेन. मात्र भाच्याला रिकाम्या हाताने परत पाठवा असंही मी म्हणत नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

त्या कागदात कमाईचा आकडा एका जागी आणि दुरुस्तीचा दुसऱ्या जागी आहे, जणू दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. स्नोमोबिलचं तसं नसतं, आणि तुम्ही यंत्रातले असल्यामुळे तुम्हाला हे चटकन पटेल. ज्या वर्षी बर्फ कमी पडतो त्या वर्षी फेऱ्या घटतात, आणि त्याच वर्षी गाडी जास्त बिघडते.

कसं ते बघा. स्नोमोबिलच्या खाली रबराचा रुंद ट्रॅक फिरतो. तो आतून प्लास्टिकच्या दोन लांब पट्ट्यांवर घसरत जातो, आणि त्या पट्ट्यांना वंगण म्हणून वर उडणारा बर्फच लागतो. ऑइल नाही, ग्रीस नाही, फक्त बर्फ. घट्ट थिजलेल्या, पातळ थरावर गाडी चालवली की पट्ट्या तापतात आणि वितळायला लागतात. पाण्याने थंड होणारं इंजिन असेल तर त्याचं रेडिएटरही मोटारीसारखं पुढे नसतं. ट्रॅकच्या वरच्या बोगद्यात उष्णता सोडणाऱ्या नळ्या असतात आणि त्यांच्यावर उडणारा भुसभुशीत बर्फ इंजिन थंड ठेवतो. बर्फ उडाला नाही की तापमानाचा दिवा लागतो आणि गाडी उभी करावी लागते. पुढच्या दोन स्कींच्या तळाला कार्बाइडची धार असलेल्या सळ्या असतात, वळताना गाडी त्यांच्यावर पकड घेते. दगड-माती उघडी पडलेल्या उतारावर ती धार बघता बघता जाते आणि मग गाडी वळायला कुरकुर करते. आता भाड्याच्या फेऱ्या डोळ्यांसमोर आणा : तीच ती वाट, दिवसभर, पर्यटकांच्या पायांनी आणि गाड्यांनी चेपलेली.

बर्फ कमी पडणं ही नुसती भीती नाही. 2024 चा जानेवारी आठवा. चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे 40 दिवस, जवळजवळ कोरडे गेले आणि गुलमर्गचं मैदान तपकिरी दिसत होतं. खरा बर्फ जानेवारीच्या शेवटी आला. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, बर्फ नाही म्हणून तो मार्चमध्ये ढकलावा लागला. लागोपाठ दोन हिवाळे असे गेले. त्यानंतर एप्रिल 2025 मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि खोऱ्यातली पर्यटकांची वर्दळच बसली. 90 दिवसांचा हंगाम चांगल्या वर्षी मिळेलही, पण निवृत्तीचा पैसा चांगल्या वर्षाच्या भरवशावर ठेवता येत नाही.

म्हणून मी त्याच कागदावर माझे आकडे घातले. बर्फाचे 55 दिवस धरले, म्हणजे दोन गाड्यांचे 110. त्यातले 15 दिवस सुट्या भागांची वाट बघण्यात गेले. उरलेल्या 95 दिवसांत रोज 6 फेऱ्या. कमाई 5 लाख 70 हजार. चालकांचे 2 लाख द्यावेच लागतात, बर्फ पडो न पडो. पेट्रोल-ऑइल 80 हजार, परवानाधारकाचा वाटा 1 लाख 14 हजार आणि दुरुस्ती दीड लाख, कारण या वयाच्या गाड्यांना 60 हजारांत हंगाम निघणार नाही. उरले 26 हजार, तेही तिघांत. बर्फाचे दिवस 30 वर आले तर याच पद्धतीने दीड लाखाचा खड्डा पडतो. तीन हंगामांतलं मुद्दल सोडाच, तिसऱ्या हंगामाआधी भाचा तुमच्याकडे आणखी पैसे मागायला येईल, आणि तेव्हा नाही म्हणणं तुम्हाला आजच्यापेक्षा जड जाईल.

आता गाड्यांबद्दल. एक 11 वर्षांची दोन-स्ट्रोक, पंख्याने थंड होणारी. दुसरी 9 वर्षांची चार-स्ट्रोक यामाहा, पाण्याने थंड होणारी. निवड वाईट नाही. पंख्याच्या इंजिनाला थंड व्हायला बर्फ लागत नाही, रचना साधी, हातोडी-पान्यात बसणारी. पण धूर, थरथर आणि ऑइलचा खर्च पदरी येतो. चार-स्ट्रोक वजनाने जड आणि खोल बर्फात रुतली तर काढायला चार माणसं लागतात, पण आवाज कमी, पेट्रोल कमी आणि नीट ठेवली तर इंजिन वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. कॅनडा-अमेरिकेतले मालक यामाहाच्या चार-स्ट्रोकबद्दल टिकाऊपणासाठीच आदराने बोलतात. मात्र 1968 पासून स्नोमोबिल विकणाऱ्या यामाहाने 2023 मध्ये या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. उद्या गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक हे विचारेलच. आणि गिऱ्हाईक तरी किती? विकायची वेळ येईल ती मंद वर्षात, आणि त्या वर्षी आसपासचे सगळेच विकायला बसलेले असतील.

पेट्रोलचाही मुद्दा आहे, तो कागदावर कुठेच नाही. आपल्याकडे पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बहुतेक स्नोमोबिलच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ही गाडी वर्षातले आठ महिने शेडमध्ये उभी राहणार, तीही गुलमर्गच्या दमट उन्हाळ्यात. टाकी रिकामी केली नाही, कार्बोरेटर कोरडा केला नाही, सिलिंडरमध्ये संरक्षक तेल फवारलं नाही, ट्रॅक जमिनीपासून उचलून ठेवला नाही, तर डिसेंबरात पहिल्या बर्फाच्या दिवशी कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, चिकटलेले आणि एअरबॉक्समध्ये उंदरांचं घरटं. या गाडीचं आयुष्य हंगामापेक्षा हंगामानंतरच्या त्या दोन दिवसांवर जास्त ठरतं. उंचीही विसरू नका. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. दर 300 मीटरला इंजिनाची ताकद सुमारे 3 टक्के घटते, म्हणजे तिथे पाव ताकद गेलेलीच. त्यात मागे दोन धडधाकट पर्यटक बसले की सगळा ताण इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या बेल्टवर येतो. स्कूटरमध्ये असतो तसाच हा बेल्ट, फक्त कामाचा भार कितीतरी जास्त.

हे मी स्वतः भोगलंय. 2019 च्या फेब्रुवारीत आईला घेऊन गुलमर्गला गेले होते. चढावर मध्येच जळक्या रबराचा वास आला, इंजिन घोंघावत राहिलं आणि गाडी जागची हलेना. बेल्ट गेला होता. चालक बिचारा पोरगा, त्याच्याकडे जादा बेल्टच नव्हता. खालून दुसरी गाडी यायला 40 मिनिटं लागली. आईची बोटं बधिर झाली, कारण त्या गाडीत गरम होणाऱ्या मुठी फक्त चालकाच्या हातात होत्या, मागच्याच्या नाही. मागची जागाही अशी की प्रत्येक उंचवटा थेट कमरेत बसतो. पाठ टेकायला काही नव्हतं. परत आल्यावर आठ दिवस ती वाकून चालत होती, आणि त्या चालकाने उरलेल्या फेरीचे पैसे परत केले. पर्यटकाच्या सोयीचा पैशाशी संबंध असतो तो असा. पाठीला टेका, मागच्यासाठी पकड आणि नीट सस्पेन्शन नसलेल्या गाडीवर एक कुटुंब बसतं आणि खाली येऊन दुसऱ्या कुटुंबाला सांगतं, नका बसू.

पण मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती भागीदारीची. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकट्यानेही जबाबदार असतो. उतारावर गाडी उलटली, पर्यटक जायबंदी झाला आणि भरपाईचा निकाल फर्मविरुद्ध लागला, तर वसुली तुमच्या 16 लाखांवर थांबत नाही. ती सुदामानगरच्या घरापर्यंत येऊ शकते. परवाना तिसऱ्याच्या नावावर, गाडी भाच्याच्या हातात आणि घर तुमचं.

आता तुमचे स्वतःचे आकडे. वर्षाचा खर्च 5 लाख 4 हजार, पेन्शन 57,600. म्हणजे दरवर्षी 4 लाख 46 हजार साठ्यातून काढायचे, आणि महागाईप्रमाणे ही रक्कम वाढत जाणार. महागाईपेक्षा दीड टक्का जास्त परतावा मिळाला असं धरलं, तर 74 लाख सुमारे 19 वर्षं पुरतात आणि 58 लाख साडेचौदा. साडेचौदा वर्षांनी तुम्ही पंच्याहत्तरीला टेकलेले असाल आणि काकू जेमतेम सत्तरीच्या. हा आकडा लिहिताना माझा हात थांबला. 19 वर्षंसुद्धा काकूंना पुरेशी नाहीत. म्हणून आपलं पहिलं काम हा साठा लांबवण्याचं आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख ठेवा. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 येतील, म्हणजे महिना 20,500. पेन्शन धरून 25,300 झाले. उरलेले 16,700 वेगवेगळ्या बँकांतल्या ठेवींमधून निघतील. एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच विमा असतो, हे ठेवी वाटताना लक्षात ठेवा. 15 ते 18 लाख साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या फंडात, दोन वर्षांत थोडेथोडे करून, आणि त्यांना दहा वर्षं हात नाही. दोघांचा आरोग्य विमा कारखान्याच्या पॉलिसीबरोबर संपला असेल तर तो या महिन्यातच घ्या, बाकी सगळं नंतर.

भाच्याला 3 लाख द्या. भागीदारी म्हणून नाही, कर्ज म्हणून. बँकेतून, लिहून, चार हप्त्यांत फेडायचं, दर वर्षी हंगाम संपला की एप्रिलमध्ये. रोखीने नको, 20,000 किंवा त्याहून मोठं कर्ज रोखीत घेता येत नाही. यातून त्याने गाडी घेऊ नये. हत्यारं घ्यावीत आणि सुट्या भागांचा साठा करावा : बेल्ट, ट्रॅकखालच्या पट्ट्या, कार्बाइडच्या सळ्या, प्लग, कार्बोरेटरचे जेट. गुलमर्गमध्ये गाड्या आहेत, मालक आहेत. बिघडलेली गाडी त्याच दिवशी चालू करून देणारा माणूस मात्र सहज सापडत नाही, हे भाच्यानेच तुम्हाला सांगितलंय ना? तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर ते आहे. कमी बर्फाच्या वर्षात गाडीमालकाचं काम घटतं, दुरुस्तीवाल्याचं वाढतं. आणि इथे तुमची पीथमपूरची वर्षं खरी उपयोगी पडतील. एप्रिलमध्ये, गाड्या शेडमध्ये लावायच्या वेळी, पंधरा दिवस वर जा. इथून इंदूरच्या सियागंज बाजारातून घेता येईल तेवढं सामान बरोबर न्या. त्याला सिलिंडरचं कंप्रेशन मोजायला शिकवा, दोन सिलिंडरांत 10 टक्क्यांहून जास्त फरक दिसला की काय समजायचं ते सांगा, उन्हाळ्याची साठवण तुमच्या हाताने करून दाखवा. हे 3 लाख बुडाले तर साठ्यातलं साधारण एक वर्ष कमी होईल. ते सोसवेल. 16 लाख सोसवणार नाहीत.

दोन हंगाम असे गेल्यावर, त्याच्या वहीत स्वतःच्या कमाईचे आकडे जमले की, गाडीचा विषय पुन्हा काढू. तेव्हाही कर्ज त्याच्या नावावर असेल आणि अपघाताच्या दायित्वाची पॉलिसी आधी हातात असेल.

एक विचारायचं राहिलं. चार पानांच्या पत्रात काकूंचं वय आहे, त्यांचं मत कुठेच नाही. पुढच्या आठवड्यात कागदांवर सह्या करायला याल तेव्हा त्यांना बरोबर घेऊन या. 19 आणि साडेचौदा हे दोन्ही आकडे मी त्यांच्यासमोर मांडेन, आणि भाच्याचा कागदही.