एकट्याने भरदार वाटणारा लीड टोन बँडमध्ये का हरवतो : माझा अनुभव

नमस्कार,

तुमची पोस्ट दुसऱ्यांदा वाचताना ती काही वर्षांपूर्वी मीच लिहिली होती की काय, असे मला वाटून गेले. एकट्याने वाजवताना भरदार आणि मखमली वाटणारा तुमचा लीड टोन, म्हणजे सोलोसाठीचा गिटारचा आवाज, ड्रम्स आणि बास गिटार सुरू होताच डबीत कोंडलेल्या माशीसारखा भुणभुणू लागतो, सोलोची पातळी वाढवली तर तो कानाला टोचतो, कमी केली तर नाहीसाच होतो, आणि म्हणून आता चौथे पेडल (आवाज बदलणारे, पायाने चालू-बंद करायचे उपकरण) कोणते घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. पेडलचा मुद्दा शेवटी घेतो. तारा, इंटोनेशन (प्रत्येक पट्टीवर सूर बरोबर लागणे), पिकअपची उंची वगैरे गोष्टी तुम्ही पाहिलेल्या असणारच, असे गृहीत धरतो. मी ध्वनिमुद्रणाचा अभियंता नाही, हौशी ब्लूज-रॉक वादक आहे. त्यामुळे पुढचे सारे एका माणसाचे मत म्हणूनच वाचावे.

माझी चूक अशी की मी माझा टोन रात्री, हळू आवाजात आणि एकट्याने ठरवला. तीन आठवडे मी अ‍ॅम्पसमोर बसून नॉब फिरवत होतो. शेवटी गेन (सिग्नल किती ताणायचा, ते ठरवणारा नॉब) आठवर, बास आणि ट्रेबल (खालचे आणि वरचे स्वर) सातच्या पुढे आणि मिडल (मधले स्वर) जेमतेम दोनवर, अशी मांडणी मला इतकी आवडली की ती मी कागदावर लिहून घेतली आणि तोच कागद खिशात घालून स्टुडिओत गेलो. त्या कागदावरचा एकूण एक आकडा चुकीचा होता, आणि त्यामागे कारणे होती.

पहिले कारण आपल्या कानाचे आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात. त्यामुळे रात्री हळू वाजवणारा वादक बास आणि ट्रेबल वाढवत नेतो, मिडल कमी करतो, आणि त्याला वाटते की टोन आता भरला. तोच टोन नेहमीच्या मोठ्या आवाजात ऐकला की त्यात मधला भाग उरलेलाच नसतो. गिटारचे सारे बोलणे मात्र त्या मधल्या भागात, ढोबळमानाने पाचशे ते दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, चालते. तुम्ही वाढवलेला बास बँडमध्ये बास गिटार आणि बास ड्रम गिळून टाकतात, वाढवलेला ट्रेबल झांजांशी भांडतो, आणि उरते ते तुम्ही वर्णन केलेले भुणभुणणे.

दुसरे कारण गेनचे आहे, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. हळू आवाजात तार जिवंत वाटत नाही, स्वर टिकत नाही, म्हणून आपण मोठ्या आवाजाची उणीव गेनने भरून काढतो. गेन वाढला की स्वराची सुरुवात आणि त्याची शेपूट यांची पातळी जवळपास सारखी होते. पिकचा आघात, बोटाचा दाब, मींड घेताना तारेवर येणारा ताण, हे सारे एकाच जाडीच्या रेषेत चेपले जाते. एकट्याने ऐकताना ही जाडी सुखद वाटते. मिक्समध्ये, म्हणजे सगळी वाद्ये एकत्र वाजताना, मात्र कान वाद्य ओळखतो ते मुख्यतः आघातावरून, आणि आघातच उरला नाही तर पातळी कितीही वाढवा, सोलो पुढे येत नाही, फक्त त्रासदायक होतो.

ज्यांच्या टोनचा आपण ध्यास घेतो त्यांनी काय केले होते, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या बँडसोबत गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी लंडनमधील डेक्काच्या स्टुडिओत गिब्सन लेस पॉल गिटार आणि दोन बारा इंची स्पीकर एकाच पेटीत असलेला मार्शल कॉम्बो वापरला, आणि मंचावर जितक्या मोठ्याने वाजवतो तितक्याच मोठ्याने इथेही वाजवणार, हा हट्ट सोडला नाही. तिथल्या ध्वनिमुद्रकांना माइक अ‍ॅम्पपासून दूर सरकवावा लागला. त्या अ‍ॅम्पला मास्टर व्हॉल्यूम (गेन तसाच ठेवून एकूण आवाज कमी करणारा नॉब) नव्हताच, त्यामुळे आवाज फुटावा, म्हणजे त्यात खरखरीत जाडी यावी, असे वाटत असेल तर व्हॉल्यूम चढवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि फुटत होते ते केवळ सुरुवातीच्या टप्प्याचा प्रीअ‍ॅम्प नव्हे, तर शेवटच्या टप्प्याच्या पॉवर ट्यूब आणि स्पीकरसुद्धा. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच क्लॅप्टन यांनी मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत गिटारवादक ड्युएन ऑलमन यांच्यासह डेरेक अँड द डॉमिनोज या आपल्या बँडचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा दोघांपुढे छोटे फेंडर चॅम्प होते; हा अ‍ॅम्प म्हणजे सुमारे पाच वॉट आणि आठ इंची एक स्पीकर. वरवर पाहता या दोन पद्धती एकमेकींच्या उलट आहेत, पण दोन्हींत अ‍ॅम्प त्याच्या क्षमतेच्या काठावर चालत होता आणि फुटणारा आवाज त्याच्या कष्टातून येत होता.

त्या ध्वनिमुद्रणांतील एकटी लीड गिटार वेगळी काढून ऐकण्याची संधी कधी मिळाली तर जरूर ऐका. आपल्या आठवणीत असते त्यापेक्षा ती बरीच स्वच्छ, किंचित कर्कश आणि बारीक असते. तिची जाडी आपल्याला जाणवते ती बाकीच्या वाद्यांमुळे.

आता त्या स्टुडिओकडे वळतो. नाव घेणार नाही. दोन दिवसांचे पैसे आधी भरून घेतले होते. पहिल्याच तासात मला सांगण्यात आले की शेजारच्या खोलीत काम सुरू असल्याने अ‍ॅम्प तीनच्या वर नेता येणार नाही. माझ्या कागदावरचा टोन तसाही हळू आवाजातच जन्मलेला असल्याने मला यात काही वावगे वाटले नाही, हे कबूल करायला हवे. माइकचा स्टँड जमिनीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवलेल्या जागी उभा होता आणि माइक थेट स्पीकरच्या मध्याकडे रोखलेला होता. पहिला टेक ऐकल्यावर मी अतिशय नम्रपणे विचारले की माइक थोडा बाजूला घेऊन पाहता येईल का. उत्तर मिळाले की इथे सगळ्यांची गिटार याच खुणेवर मुद्रित होते आणि जे काही राहील ते मिक्समध्ये सुधारता येते. हे शेवटचे वाक्य कोणी उच्चारले तर गिटार पेटीत ठेवून बाहेर पडावे, असे माझे आजचे मत आहे. तेव्हा मी मान डोलावली.

मिक्समध्ये अर्थातच काही सुधारले नाही, कारण आघात एकदा चेपला गेला की तो कोणत्याही इक्वलायझरने परत आणता येत नाही. त्यात रिव्हर्बही (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) गिटारबरोबरच मुद्रित झालेला होता, तो वेगळा काढणे अशक्य होते. महिन्याभराने मी सुटे ट्रॅक (प्रत्येक वाद्याचे वेगळे मुद्रण) मागितले तेव्हा पहिल्यांदा कळवण्यात आले की संबंधित व्यक्ती रजेवर आहे, दुसऱ्यांदा कळवण्यात आले की डिस्क भरल्यामुळे जुनी सत्रे पुसली आहेत, आणि तिसऱ्यांदा असे की सुटे ट्रॅक देण्याचे ठरलेलेच नव्हते. पुसले असतील तर न देण्याचा प्रश्न कुठून आला, हे मला आजतागायत उमगलेले नाही. सहा गाण्यांतील सगळे सोलो त्या भुणभुणीसह कायमचे तसेच राहिले. चूक मुळात माझी होती. पण माइक चार बोटे सरकवायला कोणाचे काय गेले असते, हा प्रश्न अधूनमधून पडतोच.

चार बोटांचा उल्लेख मी उगीच करत नाही. गिटारच्या स्पीकरमधून ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो आणि बाजूला झपाट्याने कमी होतो. आपण उभे राहून वाजवतो तेव्हा अ‍ॅम्प गुडघ्याशी असतो, तो झोत आपल्या कानांपर्यंत पोचत नाही, आवाज आपल्याला मंद वाटतो आणि आपण ट्रेबल वाढवतो. मध्याकडे रोखलेल्या माइकला मात्र तो सगळा झोत मिळतो. शुअर एसएम५७ सारखा साधा डायनॅमिक माइक स्पीकरच्या मधल्या घुमटाकडून शंकूच्या कडेकडे जसजसा न्याल तसतसा आवाज उबदार होत जातो, आणि हा फरक दोन-तीन सेंटिमीटरमध्ये स्पष्ट ऐकू येतो. माझी आवडती जागा म्हणजे घुमट आणि शंकू जिथे मिळतात ती रेषा, जाळीपासून दोन-तीन बोटांच्या अंतरावर. अगदी चिकटवला तर अशा माइकमध्ये बास फुगतो, हेही लक्षात असू द्यावे. एकाने हेडफोन घालून ऐकावे आणि दुसऱ्याने माइक हळूहळू सरकवावा. या अर्ध्या तासाइतका फायदा मला कुठल्याही उपकरणाने दिलेला नाही. एक इशारा : जागा शोधण्यासाठी चालू अ‍ॅम्पच्या स्पीकरला कान लावू नका, कान एकदा गेला की बदलून मिळत नाही.

दुसरा माइक दूर ठेवण्याचा मोह तुम्हाला होईल, कारण जिमी पेज यांच्यासारखे वादक आणि निर्माते दूरच्या माइकमुळे येणाऱ्या खोलीच्या खोलपणावर फार भर देत. तो परिणाम सुंदर असतो, परंतु खोली चांगली असेल तरच. शिवाय दोन माइकच्या अंतरात तीस सेंटिमीटरचा फरक पडला तर दुसऱ्यापर्यंत आवाज जवळपास एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही एकत्र केल्यावर साधारण पावणेसहाशे हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना खाऊ लागतात, म्हणजे ज्या मधल्या भागासाठी आपण एवढा आटापिटा करतो तोच भाग पोखरला जातो. सुरुवातीला एकच माइक पुरेसा आहे.

काही वर्षांनी मी त्यातील दोन गाणी पुन्हा मुद्रित केली. पाच वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला, भोवती जाड पांघरुणे टांगली, व्हॉल्यूम जवळपास पूर्ण उघडला आणि पेडलचा गेन मला हवासा वाटत होता त्याच्या निम्म्यावर आणला. पाच वॉट म्हणजे हळू आवाज, असा गैरसमज करून घेऊ नका. ऐकायला आवाज दुप्पट व्हायचा तर शक्ती सुमारे दहापट लागते, त्यामुळे पन्नास वॉटचा अ‍ॅम्प पाच वॉटच्या जेमतेम दुप्पट मोठा वाटतो. हेडफोनमध्ये ड्रम्स आणि बास सतत चालू ठेवले आणि एकट्या गिटारचा आवाज ऐकायचाच नाही, असे ठरवून टाकले. मिडल सहाच्या पुढे नेला. एकट्याने हा टोन नाकातून बोलल्यासारखा लागतो, त्याला घाबरू नका. सोबत गिटारचा थेट, कोरा सिग्नल डीआय बॉक्समधून वेगळ्या ट्रॅकवर ठेवला, म्हणजे काही बिघडलेच तर तोच सिग्नल पुन्हा अ‍ॅम्पमधून वाजवून घेता येतो. हे मी त्या स्टुडिओत मागितले असते तर हे उत्तर बरेच छोटे झाले असते.

गेन कमी केल्यावर पहिले काही दिवस आपण फार वाईट वाजवतो, असे वाटते, आणि ते खरेही असते, कारण गेनने जे झाकले होते ते उघडे पडते. माझ्या मींडी पाव-अर्ध्या स्वराने कमी पडत होत्या आणि व्हायब्रेटो (बोटाने स्वर हलवणे) घाईचा होता. बी. बी. किंग यांचा मनगटातून येणारा व्हायब्रेटो ऐकला की कमी गेनवरही स्वर किती गाऊ शकतो ते कळते. गिटारचा व्हॉल्यूम नॉबही वापरा. ताल वाजवताना सहा-सातवर आणि सोलोला दहावर, एवढ्यानेच एका पेडलचे काम होते. तारांच्या जाडीविषयी इथे पुष्कळ वाद होतात, त्यात मी पडत नाही. स्टीव्ही रे व्हॉन तेराच्या (सर्वांत बारीक तार ०.०१३ इंच) जाड तारा अर्धा स्वर उतरवून वाजवत, बिली गिबन्स सातच्या तारांवर वाजवतात, आणि टोन दोघांचाही उत्तम आहे.

मिक्समध्ये मी फारसे काही करत नाही. शंभर हर्ट्झच्या खालचे कापतो, हलके कॉम्प्रेशन (आवाजातले चढउतार कमी करणे) देतो, आणि रिव्हर्बऐवजी सोलोच्या मागे अगदी मंद डिले (उशिरा येणारा प्रतिध्वनी) ठेवतो, कारण रिव्हर्ब सोलोला मागे ढकलतो. मॉडेलर (खऱ्या उपकरणांची नक्कल करणारे डिजिटल यंत्र) किंवा सॉफ्टवेअर वापरत असाल तर माइक सरकवण्याचे काम पडद्यावर होते, पण गेन आणि मिडलबाबत माझे म्हणणे तेच राहील. ट्यूब अ‍ॅम्प मात्र स्पीकर किंवा योग्य लोड (स्पीकरऐवजी जोडायचे उपकरण) जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका.

चौथ्या पेडलबद्दल म्हणाल तर सध्या घेऊ नका. तुमच्याकडच्या तीनपैकी दोन बंद ठेवा, तिसऱ्याचा गेन निम्मा करा, आणि त्याच सोलोचे बँडसह एक व बँडशिवाय एक असे वीस-वीस सेकंदांचे दोन तुकडे इथे टाका. सोबत अ‍ॅम्पच्या नॉबचे आणि माइक कुठे ठेवला आहे त्याचे छायाचित्र असेल तर मला नेमके काही सांगता येईल.